शिरूर व दौंड तालुक्यांतील भाषिक वैविध्य : मराठीच्या छायेतील बोली आणि शिक्षणव्यवहार

प्रस्तावना

भाषिक वैविध्याचा विषय निघाला की सामान्यतः ईशान्य भारत, मेळघाट किंवा आफ्रिका खंडातील देश डोळ्यांसमोर येतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके मात्र निखळ मराठी मुलखाचा भाग मानले जातात. प्रशासन, शाळा, बाजार आणि सार्वजनिक जीवन मराठीत चालत असल्याने ही समजूत स्वाभाविकही वाटते. प्रत्यक्षात या दोन तालुक्यांत इंडो-आर्य आणि द्राविडी या दोन्ही भाषाकुलांतील भाषा पिढ्यान् पिढ्या बोलल्या जात आहेत. छावणी, रेल्वे, मिशन, ऊस आणि औद्योगिक वसाहत अशा प्रत्येक आर्थिक व सामाजिक स्थित्यंतराने येथे भाषेचा एकेक नवा थर आणून ठेवला आहे.

प्रस्तुत लेखात या थरांचा परिचय करून दिला आहे. त्याचबरोबर हे वैविध्य शासकीय आकडेवारीत आणि शाळेच्या वर्गात अदृश्य का राहते, याचा विचार केला आहे. हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचा नाही. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतील अंतर कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा त्याची किंमत पहिलीच्या वर्गात बसलेले मूल मोजते. पुढे महाविद्यालयापर्यंत पोहोचणाऱ्या विद्यार्थ्यांत अशी मुले तुरळक का दिसतात, या प्रश्नाचे एक उत्तर या अंतरात आहे.

१. भूप्रदेश आणि मराठीचे स्थानिक रूप

शिरूर तालुका घोड व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला असून दौंड तालुका भीमेच्या काठाने पसरलेला आहे. शिरूर शहर 'घोडनदी' या नावानेही ओळखले जाते. शिरूरहून घोड ओलांडली की, किंवा दौंडहून भीमा ओलांडली की, अहिल्यानगर जिल्हा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांहून अधिक होती.

येथील मराठी ही देशावरची मराठी होय. पुण्याच्या प्रमाण मराठीपेक्षा ती अनेक बाबतींत वेगळी आहे. 'पाणी' ऐवजी 'पानी', 'वेळ' ऐवजी 'येळ', 'विहीर' ऐवजी 'इहीर', 'होता' ऐवजी 'व्हता' ही रूपे खेड्यापाड्यांत सहज ऐकू येतात. शब्दारंभीच्या 'वे' चा 'ये' होणे, 'वि' चा 'इ' होणे आणि 'ण' चा 'न' होणे हे बदल नियमाने होतात. त्यांना अशुद्ध उच्चार म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही, कारण ज्याला नियम आहे ती व्यवस्था असते. म्हणजेच वैविध्याचा आरंभ परक्या भाषांपासून होत नसून तो मराठीच्या अंतर्गतच होतो.

याच्या जोडीला बाजारपेठांच्या गावांतील मुस्लिम समाजाची दखनी लक्षात घेतली पाहिजे. दखनीने मराठीकडून बरेच काही घेतले आहे. 'नको' चे 'नक्को' आणि जोर देण्यासाठी वापरला जाणारा 'च' ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. उत्तरेकडील उर्दू भाषकास जो 'च' परका वाटतो, तो येथील मराठी माणसास ओळखीचा वाटतो. शेजार दीर्घकाळ टिकला की भाषांच्या सीमा कशा विरघळतात, याचा हा नमुना आहे. व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या घरांत मारवाडी बोलली जाते. दुकानाच्या उंबऱ्यावर मराठी आणि आत मारवाडी, हा व्यवहार कोणालाही विशेष वाटत नाही.

२. छावणी, रेल्वे आणि मिशन : तीन जुने थर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्कराचे महत्त्वाचे ठाणे बनले. १८०९ मध्ये मरण पावलेले कर्नल विल्यम वॉलेस यांची कबर शिरूरमध्ये आहे. स्थानिक लोकांनी पुढे त्यांना 'सत्पुरुष' मानले. १८१७ च्या डिसेंबरअखेरीस कॅप्टन स्टॉन्टन यांची तुकडी शिरूरहून निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. त्या तुकडीत मुंबई इलाख्याच्या पायदळाबरोबर मद्रास तोफखान्याचे लोक होते. कोरेगावच्या विजयस्तंभावर इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत मजकूर कोरलेला आहे. छावणी म्हणजे निरनिराळ्या प्रांतांतील शिपाई, त्यांचे बाजारबुणगे, कारागीर आणि व्यापारी यांची एकत्र वस्ती. छावणीच्या बाजारात एकाच भाषेवर भागत नाही.

दुसरा थर रेल्वेचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याच्या पुढील मार्ग १८५८ मध्ये दौंडवरून पुढे गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे जंक्शन झाले. इंग्रजी कागदोपत्री त्याचे नाव दीर्घकाळ 'धोंड' असे लिहिले जात होते. मुंबई-चेन्नई मार्गावरील हे जंक्शन असल्याने बदलीच्या नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतील कर्मचारी येथे आले. रेल्वेच्या वसाहतीत घराघरांत भाषा वेगळी, परंतु कामावर हिंदी, मराठी आणि इंग्रजी शब्दांचे मिश्रण चालते. 'टेसन', 'डायवर', 'गँगमन', 'फलाट' हे शब्द त्या मिश्रणातूनच गावाच्या मराठीत रुजले. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आणि जवळच नानवीज येथे प्रशिक्षण केंद्र आहे. राज्याच्या सर्व भागांतून जवान येत असल्याने वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींचे आवाज येथे ऐकू येणे स्वाभाविक आहे.

तिसरा थर दौंड तालुक्यातील केडगावचा आहे. पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथे मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळातून अनेक निराधार मुली व स्त्रिया तेथे आणल्या गेल्या. परिणामी हिंदी, गुजराती आणि मराठी बोलणाऱ्या मुली एकाच आवारात राहू लागल्या. रमाबाई स्वतः संस्कृत, मराठी, कानडी, हिंदुस्थानी, बंगाली आणि इंग्रजी जाणत होत्या. बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. हे भाषांतर त्यांनी १९२२ मधील आपल्या मृत्यूपूर्वी पूर्ण केले व ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती सदनाच्या छापखान्यात मुलीच काम करीत. या भाषांतरातील त्यांचे धोरण भाषेच्या अभ्यासकास महत्त्वाचे वाटते. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीला समजेल अशी साधी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. स्वतः संस्कृत पंडिता असूनही त्यांनी संस्कृतप्रचुरता टाळली. वेगवेगळ्या भाषांतून आलेल्या माणसांना जोडणारी भाषा सोपी असली पाहिजे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात प्रत्यक्ष आचरणात आला होता.

३. ऊस आणि औद्योगिक वसाहत : नवे थर

खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आणि घोड नदीवरील चिंचणी येथील धरण यांमुळे या दुष्काळी पट्ट्याच्या काही भागांत ऊस आला. पाटस येथील भीमा आणि न्हावरे येथील घोडगंगा या सहकारी कारखान्यांच्या उभारणीनंतर ऊसतोडणीचे मजूर हंगामात या भागात येऊ लागले. मजुरांचा मोठा भाग मराठवाड्यातील असतो आणि त्यात बंजारा समाजाची कुटुंबे लक्षणीय प्रमाणात आढळतात. मुकादमाकडून उचल घेतलेला 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या सुमारास येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. खोपीतील भाषा गोरबोली अथवा मराठवाडी असते. मुलांचे शाळेचे वर्ष गावाकडे सुरू होते आणि फडावर तुटते. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे हे त्यावरील उपाय होत. तथापि, त्यांचा विचार बहुधा गैरहजेरीच्या अंगाने केला जातो, भाषेच्या अंगाने क्वचितच.

दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर काम करतात. चुलवाण, काहील, गुळव्या, ढेप या मराठी शब्दांच्या सोबतीने तेथे हिंदीच्या पूर्वेकडील बोली ऐकू येतात. रांजणगाव गणपती येथील औद्योगिक वसाहतीने हा प्रवाह अधिक रुंद केला. कोरियन, चिनी, इटालियन आणि अमेरिकन मूळ असलेल्या उद्योगसमूहांचे कारखाने येथे उभे राहिले. सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यातील भाड्याच्या खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आदी राज्यांतील कामगार राहतात. दौंड तालुक्यात कुरकुंभ येथील रासायनिक उद्योगांच्या वसाहतीनेही बाहेरील मनुष्यबळ आणले. अष्टविनायकांपैकी एक असलेल्या महागणपतीच्या गावात भोजपुरी, मगही, मैथिली आणि ओडिया या भाषा आता नित्याच्या झाल्या आहेत. या कामगारांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी माध्यमात दाखल होतात, ही गेल्या दोन दशकांतील ठळक घडामोड होय.

४. भटक्या-विमुक्तांच्या बोली

वरील सर्व थरांहून वेगळा आणि सर्वांत दुर्लक्षित असा थर भटक्या व विमुक्त समाजांच्या बोलींचा आहे. या समाजांना 'बाहेरून आलेले' म्हणता येत नाही. ते पिढ्यान् पिढ्या याच मुलखात फिरत आणि राहत आले आहेत. तरीही त्यांच्या भाषा मराठीहून पूर्णतः भिन्न आहेत.

पारध्यांची बोली इंडो-आर्य कुलातील असून ती गुजराती व भिली यांना जवळची आहे. टोपल्या विणणे, गाढवे पाळणे हे पारंपरिक व्यवसाय असणाऱ्या कैकाडी समाजाची भाषा द्राविडी असून तिचे नाते तमिळशी आहे. दगड फोडणे, पाटे-वरवंटे घडवणे आणि मातीकाम करणे ही वडार समाजाची पारंपरिक कामे होत. त्यांची वडारी तेलुगूच्या कुटुंबातील आहे. बंजारा समाजाची गोरबोली राजस्थानी भाषांशी नाते सांगते. तिच्यात आईला 'याडी' म्हणतात. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात या चारही बोलींची दखल घेतली गेली. कैकाडी व वडारी यांची नोंद १९०६ च्या चौथ्या खंडात, तर पारधी व बंजारी यांची नोंद १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आढळते. शतकभरानंतर गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भटक्या-विमुक्तांच्या अनेक बोलींचे वर्णन एकत्र आले.

या बोलींच्या अदृश्यतेला इतिहास आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याच्या १९११ व १९२४ मधील सुधारित आवृत्त्या यांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परंतु संशय उरला. जी भाषा शेजाऱ्याला आणि पोलिसाला समजत नाही, ती चोरांची सांकेतिक भाषा असणार, असा समज रूढ झाला. काही समाजांत 'पारुशी' नावाने ओळखली जाणारी सांकेतिक बोली होती हे खरे. तथापि, सांकेतिक बोली आणि मातृभाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. कैकाडी आई मुलाला अंगाई म्हणते ती सांकेतिक बोलीत नव्हे. हा भेद न केल्यामुळे मातृभाषाच संशयास्पद ठरली. अशा परिस्थितीत परक्या माणसाने 'घरी काय बोलता?' असे विचारल्यावर 'मराठी' हे उत्तर सर्वांत सुरक्षित असते.

५. जनगणनेतील वर्गीकरण

जनगणनेत मातृभाषेची व्याख्या स्पष्ट आहे. बालपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती मातृभाषा. आई बालपणीच निवर्तली असल्यास घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. सांगितलेले नाव ही स्वतंत्र भाषा आहे की बोली, हे ठरविण्याचा अधिकार प्रगणकाला नाही. उत्तर जसे मिळेल तसे नोंदवायचे असते. अडचण त्यापुढील टप्प्यावर येते.

२०११ च्या जनगणनेत देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे नोंदली गेली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली. अंतिम तक्त्यात मात्र १२१ भाषा उरल्या. त्यांपैकी २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील आणि ९९ त्याबाहेरच्या आहेत. देशात १०,००० पेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावे १९७१ पासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत.

या वर्गीकरणात शिरूर-दौंडच्या बोलींचे काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. कैकाडी तमिळच्या खाली जाते आणि वडारी तेलुगूच्या खाली. पारधी भिलीच्या गटात येते. बंजारी, लमाणी, मारवाडी, भोजपुरी आणि मगही या सर्व हिंदीच्या खाली मोजल्या जातात. एकट्या हिंदीच्या शीर्षकाखाली पन्नासहून अधिक मातृभाषा एकत्र केलेल्या आहेत. भाषाकुलाच्या दृष्टीने यांतील काही वर्गीकरण समर्थनीय आहे. मात्र व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की, दौंडच्या कैकाडी वस्तीतील स्त्री आकडेवारीत तमिळ भाषक ठरते. तिला तमिळ वाचता येत नाही, तमिळनाडूशी तिचा संबंध नाही आणि तमिळ माध्यमाची शाळा तिच्या मुलाच्या उपयोगाची नाही. जिने 'मराठी' असे उत्तर दिले, ती मराठी भाषकांत मिसळून जाते. दोन्ही मार्गांनी कैकाडी नाहीशी होते.

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही निश्चित झाली आहे. प्रगणकांत प्रामुख्याने शिक्षक असतात. त्यामुळे मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाईल, हा प्रश्न शिक्षकवर्गाच्या जाणिवेशी थेट निगडित आहे.

६. टांझानियाचा अनुभव

बहुभाषिक समाजाने एक समान भाषा स्वीकारली तर काय घडते, याचे उदाहरण म्हणून पूर्व आफ्रिकेतील टांझानियाकडे पाहता येते. तेथे शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. बांटू, नायलोटिक आणि कुशिटिक या भाषासमूहांखेरीज हाड्झा व सांडावे या 'चटकारी' ध्वनींच्या भाषाही तेथे आहेत. १९६१ मधील स्वातंत्र्यानंतर ज्यूलियस न्येरेरे यांच्या नेतृत्वाखाली स्वाहिलीला राष्ट्रीय भाषेचे स्थान मिळाले. १९६७ नंतर प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली झाले. न्येरेरे यांनी स्वतः शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' व 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकांची स्वाहिलीत भाषांतरे केली. जमातींच्या सीमा ओलांडणारा राष्ट्रीय संवाद शक्य झाला, हे या धोरणाचे मोठे यश होय.

या यशाची दुसरी बाजूही आहे. शाळेत स्वाहिली आली, परंतु लहान भाषांना शाळेत स्थान उरले नाही. माध्यमिक स्तरावर इंग्रजी माध्यम कायम राहिले. त्यामुळे लहान भाषेच्या घरातील मुलाला शिक्षणात दोनदा भाषा बदलावी लागते. शेजारच्या केनियात प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांत शाळेच्या परिसरातील भाषा वापरावी, असे धोरण दीर्घकाळ आहे. २०१० च्या राज्यघटनेच्या सातव्या कलमात तेथील जनतेच्या भाषिक वैविध्याचे संवर्धन ही राज्यसंस्थेची जबाबदारी मानली आहे.

शिरूर-दौंडमध्ये मराठीचे कार्य टांझानियातील स्वाहिलीसारखे आहे. गोरबोली बोलणारा मुकादम, भोजपुरी बोलणारा गुळव्या आणि कैकाडी बोलणारी विक्रेती यांना बाजारात एकत्र आणणारी भाषा मराठीच आहे, आणि तिचे हे सामर्थ्य जपले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या शासननिर्णयावरून राज्यात मोठा वाद झाला आणि २९ जून २०२५ रोजी ते निर्णय मागे घेण्यात आले. लहान मुलावर अनोळखी भाषेचा भार टाकू नये, हा त्या वेळचा प्रमुख युक्तिवाद होता. तो युक्तिवाद खरा मानला, तर पारधी अथवा वडारी घरातील मुलाच्या संदर्भात मराठीलाही तो लागू पडतो. मराठीच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी ही सुसंगती पाळली, तर मराठीची बाजू दुर्बल न होता अधिक न्याय्य ठरेल.

७. वर्गातील तीन 'चुका'

भाषिक अंतर वर्गात कसे प्रकटते, हे काही उदाहरणांनी स्पष्ट करता येईल. मराठीत तीन लिंगे आहेत आणि निर्जीव वस्तूंनाही लिंग असते. तेलुगूत एकवचनात 'ती आली' आणि 'ते आले' यांसाठी क्रियापदाचे रूप एकच असते. तमिळात मानवेतर सर्व नामे एका गटात मोडतात. 'खुर्ची' स्त्रीलिंगी आणि 'टेबल' नपुंसकलिंगी का, हा प्रश्नच या भाषांत उद्भवत नाही. वडारी व कैकाडी या त्याच कुटुंबांतील बोली असल्याने, अशा घरातील मुलाच्या मराठीत लिंगांची सरमिसळ झाली तर तिचा माग येथे लागू शकतो.

हिंदी अथवा भोजपुरी घरातील मुलाची अडचण वेगळी असते. 'चांगला' मधील 'च' आणि 'चिमणी' मधील 'च' हे मराठीत दोन ध्वनी आहेत. हिंदीत हा भेद नाही. 'फळ' चे 'फल' होते, कारण प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. मराठीतील 'आपण' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा मिळून. हिंदीतील 'आप' म्हणजे केवळ समोरचा. 'आपण जाऊ या' हे वाक्य ऐकून मूल जागेवरच बसून राहिले, तर ते अवज्ञा करीत आहे असे नव्हे.

तिसरे मूल देशावरच्या मराठीचे. ते 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिते. ही तीन मुले तीन वेगवेगळ्या व्यवस्थांतून आलेली आहेत आणि प्रत्येकाची चूक तिच्या व्यवस्थेनुसार नियमित आहे. लाल शाईच्या दृष्टीने मात्र तिन्ही चुका सारख्याच. पहिल्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागेल. दुसऱ्याला काही ध्वनी व सर्वनामे यांवर लक्ष केंद्रित करून मदत लागेल. तिसऱ्याला फक्त एवढे सांगावे लागेल की, घरचा शब्द बरोबर आहे आणि लेखनात तो वेगळ्या रीतीने लिहितात. निदान वेगळे तर उपचारही वेगळा. निदानच झाले नाही, तर पहिले मूल 'गप्प', दुसरे 'परप्रांतीय' आणि तिसरे 'गावठी' ठरते. तिघांपैकी पहिल्याचे शाळेतून गळणे सर्वाधिक संभवनीय, कारण त्याची भाषा कोणत्याच शिक्षकाला येत नाही आणि ती भाषा आहे हेही अनेकदा ठाऊक नसते.

राज्यघटनेच्या कलम ३५० (अ) मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, अशी तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. प्रत्येक बोलीसाठी स्वतंत्र शाळा उभारणे व्यवहार्य नाही, हे मान्यच करावे लागते. परंतु पहिली-दुसरीत मुलाच्या भाषेतील दोन-चारशे शब्द शिक्षकाला ठाऊक असणे, त्या भाषेत बोलल्याबद्दल मुलाला हटकले न जाणे आणि वस्तीतील एखाद्या शिकलेल्या तरुण-तरुणीचे साहाय्य घेणे, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

८. महाविद्यालयांची भूमिका

या प्रश्नात शिरूर व दौंड परिसरातील महाविद्यालये प्रत्यक्ष कार्य करू शकतात. पहिले कार्य नोंदीचे. पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला आता स्थान आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगाव होतातच. मराठी, हिंदी, समाजशास्त्र आणि भूगोल या विभागांनी एकत्र येऊन गाववार भाषिक नकाशा तयार केला, तर तालुक्याच्या पातळीवर उपयुक्त साधन उपलब्ध होईल. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणातून ध्वनिमुद्रित नमुने संकलित केले आहेत. त्या कार्यपद्धतीचा आदर्श घेता येईल. मात्र ते सर्वेक्षण मराठीच्या बोलींचे असल्याने कैकाडी, वडारी यांसारख्या भाषांसाठी स्वतंत्र प्रयत्न आवश्यक आहे.

दुसरे कार्य साहाय्याचे. घरात गोरबोली अथवा पारधी बोलणारा विद्यार्थी महाविद्यालयात असेल, तर तो शाळेच्या शिक्षकासाठी शब्दसंग्रह तयार करणारा जाणकार ठरू शकतो. आजवर जी भाषा त्याने लपवली, तीच त्याची शैक्षणिक पात्रता ठरेल.

तिसरी बाब संकेतांची. संमतीशिवाय ध्वनिमुद्रण करू नये. समाजाने गुप्त राखलेली सांकेतिक शब्दावली प्रसिद्ध करण्याचा हट्ट धरू नये. संकलित सामग्रीची एक प्रत त्या वस्तीकडे राहिली पाहिजे. ज्या समाजांची नोंद दीर्घकाळ पोलिसांच्या वहीत झाली, त्यांच्याकडे नव्या वह्या घेऊन जाताना हा विवेक अत्यावश्यक ठरतो.

समारोप

शिरूर व दौंड हे तालुके मराठी आहेत, आणि ते केवळ मराठी नाहीत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. छावणीने, रेल्वेने, मुक्ती सदनाने, उसाच्या फडाने आणि रांजणगावच्या कारखान्यांनी आणलेल्या भाषांना मराठीने सामावून घेतले. ज्या भाषा कोणी आणल्या नाहीत, ज्या येथेच होत्या, त्यांना मात्र नावही मिळाले नाही. समान भाषा म्हणून मराठीचे स्थान अबाधित राखूनही या बोलींना वर्गात आणि जनगणनेच्या रकान्यात त्यांच्या नावाने ओळखता येते. त्यासाठी प्रथम शिक्षकाने मुलाला विचारले पाहिजे की, घरी तू काय बोलतोस. आणि 'मराठी' या पहिल्या उत्तरावर न थांबता, दुसरे उत्तर ऐकण्याइतका विश्वास त्याला दिला पाहिजे.